दोनशेचा आकडा

लोकांना वाटतं मंत्र्यांना सल्ला हवा असतो. सल्ला कुणालाच नको असतो, आणि मंत्र्यांना तर तो घरी बायकोकडून भरपूर मिळत असतो. मंत्र्यांना निवड करायची असते. निवड आपणच केली असं वाटलं की त्यांचा दिवस बरा जातो. मी एकोणीस वर्षं आरोग्य खात्यात धोरण सल्लागार आहे. माझ्या दारावरच्या पाटीवर सल्लागार असं लिहिलंय, त्याला माझा इलाज नाही.

आमची पद्धत अशी. कुठलाही प्रश्न आला की दोन पानी टिपण लिहायचं आणि त्यात तीन पर्याय द्यायचे. अ पर्याय म्हणजे काहीच करू नये. त्याला आम्ही आपापसात 'झोप' म्हणतो. क पर्याय म्हणजे काहीतरी भलतंच जालीम, वाचणाऱ्याला धडकी भरेल असं. त्याचं नाव 'बुजगावणं'. आणि मधे ब, जो आम्हाला हवा असतो. मंत्री अ वाचून नाक मुरडतात, क वाचून दचकतात आणि ब शी आले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मग ते हिरव्या पेनानं ब वर खूण करतात आणि मान वर करून म्हणतात, "मी मूळचा मध्यममार्गी माणूस." माझ्या हाताखालून पाच मंत्री गेले. हाताखालून असं म्हणायचं नसतं, पण गेले. पाचही मूळचे मध्यममार्गी निघाले.

ही विद्या मला माझ्या आधीच्या सल्लागारांनी दिली. त्यांना सगळं खातं काका म्हणायचं. निवृत्तीच्या दिवशी खण रिकामे करताना ते मला म्हणाले, "बुजगावण्याला सदरा चांगला घालत जा. फाटका घातलास तर पाखरंसुद्धा ओळखतात." मी चांगला घालत गेले. त्या जोरावर शाळेतल्या पोरांना चष्मे मिळाले, पाण्याच्या टाक्यांची तपासणी सुरू झाली, लस ठेवायच्या थंड खोल्या झाल्या. ही सगळी ब ची कामं. मला त्यांचा अभिमान होता आणि अजून आहे, नाही म्हटलं तर ते खोटं होईल.

गेल्या वर्षी छोट्या प्रसूतिगृहांचा विषय आला. लांबलांबच्या गावांत अशी चाळीस प्रसूतिगृहं आहेत. यंत्रं जुनी, डॉक्टर टिकत नाहीत, तक्रारी येत राहतात. माझा ब पर्याय तयार होता: प्रत्येक छोटं प्रसूतिगृह एकेका मोठ्या रुग्णालयाला जोडायचं आणि तिथल्या डॉक्टरांनी पाळीपाळीनं जायचं. अ लिहायला दोन ओळी लागल्या. उरलं बुजगावणं. मी लिहिलं की ज्या ठिकाणी वर्षाला दोनशेपेक्षा कमी बाळंतपणं होतात ती सगळी प्रसूतिगृहं बंद करावीत.

दोनशेच का, तर शंभर लिहिलं असतं तर दोनतीनच बंद झाली असती आणि कुणी घाबरलं नसतं. तीनशे लिहिलं असतं तर जवळजवळ सगळीच गेली असती आणि ते खरं वाटलं नसतं. दोनशे बरं दिसलं. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं होती, मी आकडा घातला, टिपण छपाईला दिलं आणि खाली जेवायला गेले.

आता जे सांगायचं ते सांगते. माझी धाकटी बहीण अशाच एका प्रसूतिगृहात मुख्य नर्स आहे. डोंगरापलीकडचं गाव, सहा खाटा, आठवड्यातून दोनदा येणारा डॉक्टर, आणि सतरा वर्षं ती. तिथे वर्षाला एकशे ऐंशी-एकशे नव्वद बाळंतपणं होतात. हे मला पाठ आहे, कारण वर्ष संपलं की ती फोन करून आकडा सांगते, एखाद्या पोरीनं मार्क सांगावेत तशी. दोनशे लिहिताना तिची आठवण झाली नाही. क पर्यायात माणसं असतात हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तो कुणी निवडायचा नसतोच.

नवे मंत्री माझ्यापेक्षा वयानं लहान. आवाज कधी चढत नाही, चहा घेत नाहीत, काचेच्या पेल्यातून गरम पाणी पितात. टिपण वाचताना प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवतात आणि एकेक ओळ संपली की ती खाली सरकवतात. त्यांची खोली चौथ्या मजल्यावर. त्या मजल्यावरच्या खिडक्या उघडत नाहीत, त्या नुसत्या बघण्यापुरत्या आहेत. मी समोर बसले होते आणि पट्टी ब वरून पुढे सरकली तेव्हा मला काही वाटलं नाही. सगळं वाचून मग मागे येणारे असतात.

"क," ते म्हणाले.

मला वाटलं वाचून दाखवताहेत.

"क करूया. दोनशेच्या खालची सगळी बंद. स्पष्ट आहे. लोकांना समजेल."

"साहेब, ब जास्त अभ्यासलेला आहे."

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. "म्हणजे क अभ्यास न करता लिहिलाय?"

त्यांनी हे अगदी साधेपणानं विचारलं. मी 'हो' म्हटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. फार तर त्यांनी विचारलं असतं की याआधीच्या टिपणांचं काय, आणि मग कपाटं उघडली असती, चष्मे, टाक्या, थंड खोल्या सगळं बाहेर आलं असतं, आणि मी घरी बसले असते. मी पेला उचलून पाणी प्यायले.

"नाही साहेब," मी म्हणाले. "तोही अभ्यासलेला आहे."

"मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले, आणि हिरव्या पेनानं खूण केली.

खाली आमच्या खात्याचे आकडेतज्ज्ञ बसतात. अंगानं वाळकुडे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, त्यांना सगळे शास्त्रीबुवा म्हणतात. मी त्यांना झालेलं सांगितलं.

"म्हणजे उत्तर छापून झालंय," ते म्हणाले, "आणि आता आपण गणित शोधायचं."

"हो."

"किती दिवसांत?"

"नऊ आठवडे."

"मग होईल. गणित नेहमी सापडतं, मॅडम. माणसं शोधायला वेळ लागतो."

आणि सापडलं. दोनशेला बावन्न आठवड्यांनी भागलं तर पावणेचारच्या थोडं वर येतं. शास्त्रीबुवांनी त्याचे चार केले. मग आम्ही लिहिलं की आठवड्याला चारपेक्षा कमी बाळंतपणं करणाऱ्या नर्सच्या हाताची सवय कमी होते, म्हणून दोनशे. मग त्याला पुस्ती म्हणून परिशिष्ट जोडलं, परिशिष्टाला तक्ता जोडला, आणि तक्त्याखाली टीप दिली. माझ्या धाकट्या बहिणीच्या हाताची सवय गेली असं मी लिहून दिलं. ज्या हातांनी सतरा वर्षांत तीन हजारांवर पोरं जगात आणली त्या हातांबद्दल लिहिलं. लिहिताना मला लाज वाटत होती, आणि वाक्य चांगलं उतरलं म्हणून बरंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पावसात डोंगराचा रस्ता बंद होतो असं मी साहेबांना लेखी कळवलं. ते म्हणाले, चांगला मुद्दा आहे, अहवालात घाला आणि पर्यायी रस्ता सुचवा. मी म्हटलं, बायकांना दोन तास गाडीत बसावं लागेल. ते म्हणाले, हेही घाला, आणि रुग्णवाहिका किती लागतील ते काढा. मी जी जी खोट दाखवत गेले ती ती बुजवायचं काम माझ्याकडेच येत गेलं. सुरुवातीला अहवाल पोकळ होता, हाताच्या एका धक्क्यानं पडला असता. नऊ आठवड्यांनंतर मला स्वतःला त्यात शिरायला फट सापडेना.

राजीनामाही लिहायला घेतला. त्यात कारण लिहावं लागतं. खरं कारण लिहिलं तर पुन्हा तीच कपाटं उघडणार, आणि खोटं लिहिलं तर धाकटीचं प्रसूतिगृह बंदच होणार, फक्त मी तिथे नसणार. कागद फाडला आणि तुकडे पर्समध्ये घालून घरी आणले, कारण ऑफिसच्या कचऱ्याच्या डब्यावर माझा भरवसा नव्हता.

एका रविवारी दुपारी धाकटीचा फोन आला. मी अहवाल लिहिला हे तिला माहीत नव्हतं. तिच्या लेखी मी 'तिकडे वर' काम करते, एवढंच.

"ताई, आमचं बंद करताहेत, ऐकलंस का?"

"ऐकलं."

"कुणी दीडशहाण्यानं अहवाल लिहिलाय. आमच्या हाताची सवय गेली म्हणे. त्याला एकदा बोलावते पाळीवर, बघू दे सवय." ती हसली, मग तिचा आवाज उतरला. "तू तिथे आहेस म्हणून जरा धीर आहे बघ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला साक्षीला बोलावलंय," ती म्हणाली. "लोकप्रतिनिधींची समिती आहे ना, तिच्यापुढे. सगळ्या नर्सेसच्या वतीनं मी एकटीच. पाच मिनिटं बोलायचं आणि मंत्र्यांना एक प्रश्न विचारायचा. मी काय विचारू? तू रोज बघतेस हे सगळं."

त्या क्षणी मला वाट दिसली. समितीपुढे मंत्री पुढच्या खुर्चीत बसतात आणि सल्लागार त्यांच्या मागे. प्रश्न आला की मंत्री मागे न बघता पाठीमागे तळहात पसरतात. त्यावर आम्ही चिठ्ठी ठेवायची आणि ती त्यांनी वाचायची. एरवी ओळीखाली पट्टी ठेवणारे साहेब समितीत मात्र चिठ्ठी आल्या आल्या मोठ्यानं वाचत, कारण थांबलं की उत्तर माहीत नाही असं दिसतं. चार बैठकांत मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. चिठ्ठीवर मी खरं लिहिलं तर खरं वाचलं जाणार होतं. आणि मंत्र्यांच्या तोंडून एकदा बाहेर पडलं की ते परत घेता येत नाही.

"आकडा विचार," मी म्हणाले. "दोनशे कुठून आला. दीडशे का नाही, अडीचशे का नाही. एवढंच विचार."

"एवढंच? अगं मी बायकांच्या हकिकती काढून ठेवल्यात. गेल्या महिन्यात एकीला—"

"हकिकतींवर ते हळहळतील आणि पुढे जातील. तू आकडा विचार आणि गप्प बस."

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणतेस म्हणजे काहीतरी असेल."

तेव्हा तिला सांगता आलं असतं. दोघीच होतो, मधे कुणी नव्हतं. मी विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना. ती म्हणाली, बरे आहेत.

समितीची बैठक मंगळवारी अकराला होती. चिठ्ठी मी घरूनच लिहून नेली. आमच्या चिठ्ठ्या मंत्र्यांच्या तोंडी शोभतील अशा लिहायच्या असतात, तशीच लिहिली: 'दोनशे या आकड्याला कोणताही आधार नाही. तो माझ्या सल्लागारांनी अंदाजानं घातला होता. या निर्णयाचा फेरविचार केला जाईल.' अक्षर ठळक काढलं, चाळीशी नसली तरी वाचता यावं असं. कोटाच्या उजव्या खिशात ठेवली आणि दर पाच मिनिटांनी ती आहे ना हे बघत राहिले.

धाकटी निळा स्वेटर आणि पायात दवाखान्यातले पांढरे बूट घालून आली होती. दुसरे धड बूट तिच्याकडे नसावेत, किंवा तिनं मुद्दाम घातले असतील, तिचा नेम नाही. मला बघून ती ओळखीचं हसली. तिला माझ्या जागेचा अर्थ कळला नव्हता. तिला वाटलं मी तिच्यासाठी येऊन बसले आहे.

पाच मिनिटं ती छान बोलली. सहा खाटांबद्दल, हिवाळ्यात कळा आलेल्या बाईला खाली आणण्याबद्दल. समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, त्या मान डोलवत होत्या. मग धाकटीनं कागद खाली ठेवला.

"माझा प्रश्न एकच आहे. दोनशे हा आकडा कुठून आला? दीडशे का नाही आणि अडीचशे का नाही?"

साहेबांचा तळहात मागे आला. मी खिशातून चिठ्ठी काढून त्यावर ठेवली. हात पुढे गेला. माझं हृदय एवढ्या जोरात धडधडत होतं की शेजारच्या शास्त्रीबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मला आनंद होत होता, हेही सांगून टाकते. पोरकट आनंद.

साहेबांनी चिठ्ठी उघडली. तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी चिठ्ठी मनात वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, घाई न करता. पेल्यातून घोटभर पाणी घेतलं. चिठ्ठीची घडी घातली आणि ती आतल्या खिशात ठेवली.

"अध्यक्ष महोदया," ते म्हणाले, "प्रश्न तांत्रिक आहे आणि महत्त्वाचा आहे. हा अहवाल ज्यांनी तयार केला त्या माझ्या सल्लागार इथेच मागे बसल्या आहेत. समितीची हरकत नसेल तर उत्तर त्यांच्याच तोंडून ऐकावं."

समितीची हरकत नव्हती. साहेबांनी आपली खुर्ची थोडी सरकवून मला जागा केली आणि माइक माझ्याकडे वळवला. एकोणीस वर्षांत माझ्यासमोर माइक आला नव्हता. त्याला एक बटण असतं, ते दाबल्यावर लाल दिवा लागतो. मी दाबलं.

धाकटीचा चेहरा सरळ माझ्यासमोर होता. अहवाल कुणी लिहिला हे तिला आत्ता कळलं होतं, पण तिच्या डोळ्यांत अजून राग आला नव्हता. ती वाट बघत होती. तिला आठवत होतं की हा प्रश्न मीच विचारायला सांगितलाय. ताईनं सांगितलाय म्हणजे काहीतरी असेल.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते रात्रभर पाठ होतं. मी श्वास घेतला आणि म्हणाले, "दोनशे हा आकडा तीन निकषांवर ठरवण्यात आला आहे."

मग ते थांबेना. पहिला निकष, दुसरा निकष, तिसरा. आठवड्याला चार, हाताची सवय, परिशिष्ट, तक्ता. मी चार मिनिटं बोलले. एकदाही अडखळले नाही. समितीतल्या दोघांनी मुद्दे उतरवून घेतले. नंतर मी मनाला समजावत राहिले की मी चष्मे आणि टाक्या वाचवल्या, त्या टिपणांवर बालंट येऊ दिलं नाही. ते खरं नाही. त्या खोलीत सगळे माझ्याकडे बघत असताना मला खोटं ठरायचं नव्हतं, एवढंच होतं. मी घाबरले.

"साक्षीदारांचं समाधान झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"उत्तर मिळालं," धाकटी म्हणाली, आणि आपले कागद गोळा करायला लागली.

बैठक संपल्यावर साहेब जिन्यापाशी थांबले होते. सोबतच्या माणसांना त्यांनी पुढे पाठवलं.

"छान बोललात," ते म्हणाले.

"साहेब, ती चिठ्ठी—"

"माझ्याकडे आहे. असू दे माझ्याकडेच." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मॅडम. 'तोही अभ्यासलेला आहे' म्हणायच्या आधी तुम्ही माझं पाणी प्यायलात. माझ्या पेल्यातलं. तुम्हाला आठवतही नसेल."

पेला कुणाचा होता ते मला आठवत नव्हतं.

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"मला ती बंदच करायची होती. मी येण्याआधीपासून करायची होती. कुणीतरी नीट लिहून द्यायला हवं होतं, आणि तुमच्याइतकं नीट कुणी लिहीत नाही." ते दोन पायऱ्या उतरले आणि पुन्हा वळले. "सोमवारी नऊला या. छोट्या दवाखान्यांचं टिपण हवंय. पर्याय एकच द्या, उगाच तीन लिहीत बसू नका. आणि राजीनाम्याचा वगैरे विचार असेल तर आधी माझ्याशी बोला. अशी चिठ्ठी कुणाच्या हाती पडली तर लोक जुनी टिपणं काढून बसतात."

मी "हो साहेब" म्हणाले. सवयीनं म्हणाले, पण म्हणाले.

इमारतीच्या बाहेर बसथांब्यावर एक लोखंडी बाक आहे. धाकटी तिथे बसली होती. तिच्या बसला वेळ होता. मी शेजारी जाऊन बसले, तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा केली. भांडण असो की काही असो, जागा ती नेहमीच करते.

"तूच सांगितलंस ना विचारायला?" तिनं विचारलं.

"हो."

"मग उत्तर माहीत होतं तुला."

"हो."

"आत दिलंस ते?"

मी मान खाली घातली. ती काय ते समजली. मला वाटलं आता बोलेल, शिव्या घालेल, लहानपणी घालायची तशा. मला त्या हव्या होत्या. त्या ऐकून घेतल्या असत्या म्हणजे थोडं फिटलं असतं असं वाटत होतं.

"माझ्याकडे तेवीस जणींची नावं आहेत," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यापासूनच्या. त्यांना कळवायला हवं. पाटीवर लावायला काहीतरी लिहून दे. तुला छान लिहिता येतं."

ती टोमणा मारत नव्हती. खरंच मागत होती, त्यामुळे मला रडू यायला लागलं. रडायची वेळ माझी नव्हती म्हणून ते गिळलं. तिच्या पिशवीतला कागद घेतला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. सात-आठ ओळी झाल्या. तिनं कागद घेतला, चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचला.

"'माता व बालकांच्या सुरक्षिततेचा विचार करता प्रसूतिसेवा अधिक सक्षम केंद्राकडे वर्ग करण्यात येत आहे.'" ती थांबली. पुढच्या ओळी तिनं मनातच वाचल्या, मग पुन्हा वरून सुरुवात केली. "ताई, यात बंद होणार असं कुठाय?"

मी कागद घेऊन बघितला. कुठेच नव्हतं. मी म्हटलं, थांब, सोपं करून देते. कागद उलटा केला आणि पेन टेकवलं. 'आपणांस कळविण्यात येते की' एवढं झालं आणि ते खोडलं. मग 'दिनांक एकपासून सदर' लिहिलं आणि तेही खोडलं. तिसऱ्यांदा काय लिहिलं ते आठवत नाही. मला ते वाक्य येत नव्हतं. एकोणीस वर्षं रोज लिहिणाऱ्या बाईला एक साधं वाक्य जमत नव्हतं आणि शेजारी बहीण थांबली होती, एखाद्या नव्या नर्सला सुई लावायला वेळ लागला तर थांबावं तशी.

शेवटी तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं. पिशवीचा सपाट भाग बघून त्यावर नवा कागद ठेवला आणि मोठ्या गोल अक्षरात लिहिलं:

'पहिल्या तारखेपासून इथे बाळंतपण होणार नाही. मोठ्या रुग्णालयात जायचं आहे. दोन तास लागतात. कळा सुरू व्हायची वाट बघू नका, आठ दिवस आधी जाऊन राहा.'

त्याखाली तिनं स्वतःचं नाव लिहिलं. मग घरचा फोन नंबर लिहिला, आणि नंबरापुढे 'कधीही'.

बस येऊन थांबली होती. तिनं पेन मला परत दिलं, "जाते," म्हणाली आणि चढली.